वीज गेल्यावर रुग्णाच्या खोलीसाठी हायब्रिड मोटार : नागपुरातील एक प्रकरण

हे प्रकरण दक्षिण नागपुरात, मनीषनगरच्या पलीकडच्या एका ले-आउटमधील दुमजली घरात घडले. घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा, आजी, मुलगा, सून आणि शाळकरी नात राहतात. आजोबांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार) आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार त्यांना रात्रभर आणि दिवसाचे काही तास मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पाच लिटर क्षमतेचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, खोलीत कायमचे ठेवलेले आहे. असे यंत्र चालताना साधारण 300 ते 350 वॉट वीज घेते. त्याचा कॉम्प्रेसर सतत पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे, ऑक्सिजनचा प्रवाह निम्म्यावर आणला तरी बहुतेक यंत्रांत विजेचा वापर निम्म्यावर येत नाही. घरातील माणसांचा सुरुवातीचा अंदाज नेमका याच ठिकाणी चुकत होता.

घरी इन्व्हर्टर होता. विदर्भातील बहुतेक मध्यमवर्गीय घरांत असतो तसा 12 व्होल्टचा, 150 अँपिअर-तासांच्या एका ट्यूब्युलर बॅटरीवर चालणारा. कागदावर त्या बॅटरीत 1.8 युनिट वीज मावते. प्रत्यक्षात ती पूर्ण उपसता येत नाही, इन्व्हर्टरमध्ये काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली की तिची ताकदही घटते, त्यामुळे हाती सव्वा युनिटहूनही कमी येते. कॉन्सन्ट्रेटर, एक साधा पंखा आणि दोन दिवे मिळून साडेचारशे वॉटच्या आसपास भार होतो. म्हणजे हा इन्व्हर्टर आजोबांची खोली दोन-अडीच तासच सांभाळू शकतो. तासाभराच्या भारनियमनाला एवढे पुरते, पण वादळाने झाड मोडून 11 केव्हीच्या वाहिनीवर पडले, तर दुरुस्तीला किती वेळ लागेल हे लाइनमनलाही सांगता येत नाही.

घराच्या छतावर सौर पॅनेलही आहेत, आणि वीज गेली तरी दिवसा निदान तेवढी सोय राहील, असे कुटुंबाला वाटत होते. ही समजूत नागपुरात अनेकांची आहे, आणि पीएम सूर्य घर योजनेनंतर छते भराभर पॅनेलखाली जात असताना ती दूर होणे गरजेचे आहे. वाहिनीला जोडलेली, बॅटरीविना चालणारी सौर यंत्रणा वाहिनीतील वीज जाताच स्वतःहून बंद होते. वाहिनीवर काम करणाऱ्या माणसाला छतावरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून तिची रचनाच तशी केलेली असते. रात्री तर प्रश्नच नाही.

उरली पोर्चमधील गाडी. 2022 पासून भारतात मिळू लागलेल्या मध्यम आकाराच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या, एसयूव्हींपैकी ती एक आहे. मुलाने विचारले की पेट्रोलची टाकी, इंजिन, जनित्र आणि बॅटरी एवढे सगळे दारात उभे असताना त्यातून एका खोलीपुरती वीज काढता येणार नाही का? प्रश्न योग्य होता. जपानमध्ये टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडला 2001 पासूनच 1500 वॉटपर्यंत वीज देणारा घरगुती प्लग होता, आणि मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर अशा गाड्यांच्या विजेचा आपत्तिग्रस्त भागात उपयोग झाला. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमधील हिमवादळात फोर्डच्या एफ-150 या हायब्रिड पिकअपवर अनेकांनी घरातील उपकरणे चालवली. त्या पिकअपमधून तर 7.2 किलोवॉटपर्यंत वीज घेता येते. भारतात नेक्सॉन ईव्ही किंवा आयोनिक 5 यांसारख्या काही विजेवरच्या गाड्यांत बाहेर वीज देण्याची सोय आहे. या कुटुंबाच्या हायब्रिड गाडीत मात्र असा प्लग नाही, आणि म्हणूनच पुढची सगळी आखणी करावी लागली.

मी व्यवसायाने विद्युत अभियंता असून या कुटुंबाचा शेजारी आहे. त्यांनी माझा सल्ला घेतला, आणि तो देताना सर्वांत आधी मला एका गोष्टीला ठाम नकार द्यावा लागला. मुलाची कल्पना अशी होती की घरचा इन्व्हर्टर 12 व्होल्टचा आहे आणि गाडीतही 12 व्होल्टची बॅटरी आहे, तेव्हा दोन्ही बॅटऱ्या जम्पर केबलने जोडल्या की गाडी घरची बॅटरी भरत राहील. ऐकायला हे सरळ वाटते, पण पूर्ण उतरलेली 150 अँपिअर-तासांची बॅटरी अशी थेट जोडली तर ती सुरुवातीला प्रचंड प्रवाह ओढते आणि त्यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. अशा वेळी गाडीतील फ्यूज उडाला तर घर अंधारात राहतेच, शिवाय रुग्णाला दवाखान्यात न्यायची गाडीही दारातच अडकते.

हायब्रिड गाडीची अंतर्गत रचना समजून घेतली तर मर्यादा आपोआप लक्षात येतात. तिच्यात दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी उच्च व्होल्टची असते. या वर्गाच्या गाड्यांत ती दोनशे व्होल्टच्या आसपास असते आणि तिची क्षमता जेमतेम पाऊण युनिट असते. तिच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. तेवढ्या व्होल्टचा डीसी प्रवाह प्राणघातक असल्यामुळे त्या केबलना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणीही हात लावू नये. दुसरी बॅटरी साधी 12 व्होल्टची असते. हायब्रिडमध्ये इंजिन सुरू करण्याचे काम मोठी बॅटरी करते, म्हणून ही छोटीच ठेवलेली असते. नेहमीच्या गाडीतील अल्टरनेटरऐवजी येथे डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. तो मोठ्या बॅटरीतील वीज 14 व्होल्टच्या आसपास उतरवून छोट्या बॅटरीला आणि गाडीतील इतर यंत्रणेला पुरवतो. हे कन्व्हर्टर साधारण शंभर अँपिअरच्या घरातले असतात, म्हणजे तेराशे-चौदाशे वॉट. त्यातला काही वाटा गाडीचे संगणक, पंखे आणि पंप घेतात. म्हणून बाहेर सलग सहाशे वॉटच्या आत राहायचे असे आम्ही ठरवले.

यात एक अट कळीची आहे. गाडी ‘रेडी’ स्थितीत असेल तरच डीसी-डीसी कन्व्हर्टर चालतो. नुसते बटण दाबून दिवे लागले आणि रेडीचे चिन्ह उमटले नाही, तर भार थेट छोट्या बॅटरीवर येतो आणि ती लवकरच मान टाकते. रेडी स्थितीत गाडी पार्कमध्ये उभी राहिली की इंजिन बंद असते. मोठी बॅटरी ठराविक पातळीखाली गेली की ते आपोआप सुरू होते, बॅटरी काही प्रमाणात भरते आणि पुन्हा बंद पडते. हायब्रिडचा खरा फायदा या उघडझापीत आहे, कारण साधी पेट्रोल गाडी उभ्याने चालू ठेवली तर तिचे इंजिन भार असो वा नसो, रात्रभर पेट्रोल जाळत राहते.

जोडणीसाठी कुटुंबाने शुद्ध साइन वेव्ह देणारा 1000 वॉटचा इन्व्हर्टर घेतला. चौकोनी लहरींचे स्वस्त इन्व्हर्टर पंख्याला चालतात, पण कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर त्यांवर गुरगुरतो, तापतो, आणि काही यंत्रे तर अलार्म देऊन बंदच होतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून हे काम होत नाही, कारण त्याची मर्यादा 120 वॉटच्या आसपास असते. सहाशे वॉट घ्यायचे तर 12 व्होल्टच्या बाजूला पन्नास अँपिअर वाहतात, आणि त्यासाठी 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची, मीटरभराहून आखूड केबल आणि बॅटरीच्या अगदी जवळ 80 अँपिअरचा फ्यूज लागतो. अधिकृत सेवाकेंद्राला विचारून आणि वॉरंटीवर काय परिणाम होईल ते समजून घेऊन, गाड्यांची विद्युत कामे करणाऱ्या अनुभवी कारागिराकडून ही जोडणी करून घेतली. केबल आखूड आणि जाड असणे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. लांबी वाढवायची असेल तर ती 230 व्होल्टच्या बाजूला, एक्स्टेन्शन वायरने वाढवावी.

घरच्या वायरिंगला हात लावायचा नाही, हा निर्णयही तेव्हाच झाला. गाडीची वीज घराच्या सॉकेटमध्ये उलटी सोडण्याचे प्रकार लोक करतात, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर वापरून. मेन स्विच बंद करायचे विसरले तर तीच वीज बाहेर जाऊन डीपीमध्ये (परिसराच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) उलटी चढते, तेथे तिचा दाब 11 हजार व्होल्टपर्यंत वाढतो, आणि ज्याची आपण वाट पाहत आहोत त्याच लाइनमनचा जीव ती घेऊ शकते. चेंजओव्हर स्विच बसवून, परवानाधारक कंत्राटदाराकडून हे काम रीतसर करता येते. पण एका खोलीपुरत्या गरजेला तीन पिनांची दणकट एक्स्टेन्शन आणि तिला थेट जोडलेली मोजकी उपकरणे पुरेशी आहेत. अशा छोट्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल बहुधा जमिनीशी जोडलेला नसतो, त्यामुळे घरातील ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) या वायरवरील दोषासाठी संरक्षण देणार नाही. म्हणून वायर कोरडी, अखंड आणि पायात न येणारी असली पाहिजे.

कुटुंबाने ही व्यवस्था होळीच्या आधी एका दुपारी करून पाहिली. गाडी पोर्चमध्ये, खिडकीतून आत आलेली एक्स्टेन्शन, तिच्यावर कॉन्सन्ट्रेटर आणि पंखा. सगळे सुरळीत चालले.

मेच्या अखेरीस, नवतपा सुरू असताना, संध्याकाळी वादळ आले. दिवसभर पारा 45 अंशांच्या वर होता. सोसाट्याच्या वाऱ्याने ले-आउटच्या तोंडाशी असलेला गुलमोहर विजेच्या तारांवर कोसळला आणि परिसर अंधारात गेला. घरच्या इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटर, कूलर आणि दिवे एकदम आले. दोन तास होण्याआधीच त्याची सूचनाघंटा वाजू लागली. मुलाने कॉन्सन्ट्रेटर बंद करून आजोबांना ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर घेतले, गाडी रेडीत आणली, इन्व्हर्टर जोडला, आधी कॉन्सन्ट्रेटर आणि तो स्थिरावल्यावर कूलर सुरू केला. हा क्रम बरोबर होता. दोन्ही मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर सुरुवातीचा झटका कित्येक पट असतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून थांबतो. कॉन्सन्ट्रेटर सुरू केल्यावर ऑक्सिजनची शुद्धता योग्य पातळीवर यायला काही मिनिटे लागतात, तोपर्यंत रुग्णाला सिलिंडरवरच ठेवावे लागते. तेही केले गेले.

गाडीचे इंजिन चालू-बंद होत होते. थोड्याच वेळात सुनेला आजोबांच्या खोलीत धुराचा वास आला.

नागपूरच्या उन्हाळ्यात एअर कंडिशनर असलेल्या घरातही कूलर असतो, आणि तो खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला असतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढून तो खोलीत सोडतो, आणि आतली हवा समोरच्या दारा-खिडकीतून बाहेर जाते. त्याचे सगळे काम बाहेरच्या हवेवर चालते. आजोबांच्या खोलीचा कूलर पोर्चच्या बाजूला होता. होळीआधी चाचणी झाली तेव्हा तो खिडकीला लागलेलाच नव्हता. आता त्या गाडीच्याच विजेवर चालणारा कूलर त्याच गाडीच्या धुराड्यातली हवा ओढून श्वसनविकाराच्या रुग्णाच्या खोलीत सोडत होता.

सुनेने कूलर तत्काळ बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या, आजोबांना मागच्या खोलीत नेले आणि मग मला फोन केला. तिने घेतलेला हा निर्णय या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा होता, असे माझे मत आहे. धुराला वास असतो, पण त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन सुरू झाल्यावर धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापेपर्यंत हा वायू अधिक प्रमाणात बाहेर पडतो, आणि हायब्रिडचे इंजिन रात्रभर पुन्हा पुन्हा सुरू होत असते. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. बोटाला लावायचे नेहमीचे ऑक्सिमीटर त्या हिमोग्लोबिनमध्ये आणि ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये फरक करू शकत नाही, म्हणून विषबाधा होत असतानाही ते 96-97 असा निर्धास्त करणारा आकडा दाखवू शकते. या कुटुंबाचा तर त्या आकड्यावरच सगळा विश्वास होता.

हायब्रिडची शांतता हा वेगळा धोका आहे. रात्री झोपताना इंजिन बंद असते, म्हणून गाडी ‘बंद’ आहे असे वाटते, आणि मध्यरात्री ते स्वतःहून सुरू होते. अमेरिकेत बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या बंदिस्त गॅरेजमध्ये चालू राहिल्यामुळे मृत्यू झाले आहेत, आणि त्यानंतर काही कंपन्यांनी उभी गाडी ठराविक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय दिली. ज्या गाडीत अशी सोय आहे ती घराला वीज देत असताना मध्येच बंद पडू शकते, म्हणून हे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवावे. नागपुरात पूर्ण बंद गॅरेज कमी आणि खालच्या मजल्यावरचे पार्किंग जास्त, पण फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमधला धूर पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत चढतो आणि तेथेही कूलर लावलेले असतात. माझ्या मते अशा इमारतीत ही व्यवस्था करूच नये.

त्या रात्री गाडी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, मागची बाजू घरापासून दूर आणि वारा धूर घराकडे आणणार नाही अशा दिशेला करून उभी केली. मागच्या खोलीत कूलर नेता आला नाही, म्हणून टेबल पंखा लावला. लांब एक्स्टेन्शन फाटकाच्या वरून, जमिनीला न टेकता आत आणली. कॉन्सन्ट्रेटर, पंखा, एक दिवा आणि मोबाइलचे चार्जर एवढाच भार ठेवला, सगळे मिळून साडेचारशे वॉटच्या आत. गाडीच्या काचा बोटभर उघड्या ठेवल्या, कारण मोठ्या बॅटरीला थंड करणारी हवा प्रवाशांच्या जागेतूनच घेतली जाते आणि दिवसभर तापलेल्या गाडीत ती कोंडलेली नसावी. मुलगा अंगणात खाट टाकून गाडीवर लक्ष ठेवून राहिला. रेडीतली गाडी रस्त्यावर सोडून झोपणे शक्य नव्हते.

मध्यरात्रीनंतर फ्रिजचा विषय निघाला, कारण आजीचे इन्सुलिन त्यात होते. दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. तेवढा वेळ उलटला होता, म्हणून कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवून आणि पंखा क्षणभर काढून फ्रिज जोडला. कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका इन्व्हर्टरने सहन केला, आणि तासाभराने फ्रिज काढून घेतला. पाण्याची मोटर चालवायची मागणी आली नाही. आली असती तरी अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरीचा सुरुवातीचा प्रवाह या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेर आहे. एअर कंडिशनरचेही तेच.

वीज दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा आली. खर्चाचा हिशेब पाहता, चारशे वॉट दहा तास म्हणजे चार युनिट. उभ्या हायब्रिडमधून लिटरमागे साधारण एक ते दीड युनिट वीज हाती येते, कारण गाडीची स्वतःची यंत्रणाही दोन-तीनशे वॉट खात असते आणि दोन रूपांतरांत काही वीज वाया जाते. म्हणजे तीन-चार लिटर पेट्रोल लागले. शंभर रुपयांवरच्या पेट्रोलचा भाव धरला तर युनिट सत्तर ते शंभर रुपयांना पडते, घरगुती विजेच्या कितीतरी पट. ही रोजच्या वापराची सोय नव्हे. मात्र छोटे पेट्रोल जनित्रही जवळपास तेवढेच पेट्रोल घेते, रात्रभर सलग कानठळ्या बसवते, आणि वर्षभर अडगळीत पडून ऐन वेळी दोरी ओढूनही सुरू होत नाही. गाडी रोज चालते, म्हणून ती त्या रात्रीही सुरू झाली.

भार कमी करण्याकडे कुटुंबाने नंतर लक्ष दिले. आजोबांच्या खोलीत 30-35 वॉटचा बीएलडीसी पंखा आला. साधा पंखा याच्या दुप्पट वीज घेतो. घरच्या इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडावी का, यावर आमची बरीच चर्चा झाली. माझा कल तिच्याकडे आहे, कारण चार-पाच तासांच्या खंडासाठी गाडी बाहेर काढायचीच गरज पडू नये, आणि गाडी त्यानंतरच्या वेळेसाठी राखीव राहावी. एका बॅटरीच्या जोडणीसाठी बनलेल्या इन्व्हर्टरला दुसरी लावता येते का, हे मात्र आधी पाहावे लागते. शिवाय दीड घनमीटर ऑक्सिजन मावणारा बी-टाइप सिलिंडर, रेग्युलेटरसह, भरून ठेवला आहे. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तासांहून थोडा अधिक पुरतो, आणि त्याला ना वीज लागते ना पेट्रोल.

खोलीचा कूलर आता मागच्या बाजूच्या खिडकीला बसवला आहे, आणि आजोबांच्या पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे, सेलवर चालणारे यंत्र लावले आहे. गाडी कुठे उभी करायची ती जागा फाटकाबाहेर रंगाने आखली आहे. मे ते सप्टेंबर टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, असा घरात नियम आहे.

सप्टेंबरचा उल्लेख मुद्दाम केला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अनेकांच्या गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या. अशा वेळी पाण्यात उभ्या हायब्रिडला हात लावू नये, तिच्यातून वीज घेण्याचा विचारही करू नये. या कुटुंबाचे घर उंचावर असले तरी पुराच्या इशाऱ्यासाठी त्यांची योजना वेगळी आहे. तेव्हा गाडीतून वीज घ्यायची नाही. पाणी रस्त्यावर चढण्याआधी आजोबांना सिलिंडरसह तिच्यात बसवून धंतोलीतील नातेवाइकांकडे न्यायचे, आणि कॉन्सन्ट्रेटर तेथील विजेवर लावायचे.